औंढ्याचा माळ आणि जगाचा नकाशा

औंढा नागनाथ म्हटले की ज्योतिर्लिंग आठवते, काळ्या दगडातले हेमाडपंती मंदिर आठवते, विसोबा खेचरांनी नामदेवांना केलेल्या उपदेशाची कथा आठवते. अलीकडे वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना लायगो प्रकल्पही आठवतो. गुरुत्वीय लहरी टिपणारी ही वेधशाळा याच तालुक्यात उभी राहणार आहे. गावाभोवतीच्या डोंगरांवर आणि पठारांवर पसरलेला माळ मात्र कोणाच्या आठवणीत नसतो. महसुली कागदांत तो पडीक, पोटखराब किंवा गायरान म्हणून नोंदलेला असतो. प्रवाशाच्या नजरेत तो मंदिर येण्याआधीचा रिकामा रस्ता असतो. पृथ्वीवरच्या जीवसंहती, त्यांच्यावरचे माणसाचे आघात आणि जीवावरणाचे रक्षण या विषयाची प्रस्तावना मी या माळापासून करतो आहे, त्याला कारण आहे. निसर्गरक्षणाची आपली सगळी कल्पना झाडाभोवती बांधलेली आहे. झाड दिसले की निसर्ग आहे असे वाटते, झाड नसले की निसर्ग उजाड झाला असे वाटते. या समजुतीमुळे जगातल्या सर्वांत मोठ्या जीवसंहतींपैकी एक, म्हणजे गवताळ प्रदेश, रक्षणाच्या यादीतून सुटला आणि सुधारणेच्या यादीत गेला. जीवावरण वाचवायचे असेल तर समोरची जमीन मुळात काय आहे हे आधी ओळखावे लागेल, आणि औंढ्याच्या माळावर आपण नेमके तेच टाळत आलो आहोत, असे माझे म्हणणे आहे.

‘जीवावरण’ ही कल्पना ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस यांनी १८७५ मध्ये मांडली आणि १९२६ मध्ये व्लादिमीर व्हर्नाड्स्की यांनी तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. खडक, पाणी आणि हवा यांच्या भेटीच्या जागी जीवांनी व्यापलेला हा पातळ थर सगळीकडे एकसारखा नाही. पाऊस किती पडतो, तो किती महिन्यांत पडतो, उन्हाळा किती लांबतो, माती किती खोल आहे, वणवा किती वर्षांनी फिरतो, चरणारी जनावरे कोणती आहेत, यांवरून त्याचे प्रकार पडतात. टुंड्रा, तैगा, वर्षावन, वाळवंट, सॅव्हाना अशा या जीवसंहतींना आता मराठीतही सर्रास बायोम म्हणतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे जगभर वापरल्या गेलेल्या एका नकाशाने पृथ्वीवरील जमिनीचे १४ बायोम आणि त्यांच्या पोटात ८६७ परिक्षेत्रे पाडली. संवर्धनाचा अग्रक्रम आणि पैसा अनेकदा याच नकाशाकडे पाहून ठरतो. त्यात दख्खनच्या पठाराला रंग दिला आहे तो कुठे कोरड्या पानझडी जंगलाचा, तर कुठे वाळवंटी-झुडपी प्रदेशाचा. उष्णकटिबंधीय गवताळ प्रदेशाचा आणि सॅव्हानाचा रंग भारतात सापडतो तो हिमालयाच्या पायथ्याशी, तराईच्या पट्ट्यात. म्हणजे अहिल्यानगर, सोलापूर, बीड, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांत डोळ्यांनी दिसणारा माळ जगाच्या नकाशावर नाहीच. जे नकाशावर नाही ते नष्ट झाले तरी तोट्याच्या खात्यात येत नाही.

जमीन काय सांगते ते पाहू. औंढ्याचे डोंगर दख्खनच्या बेसॉल्टचे आहेत, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे. या खडकावरची माती उतारानुसार बदलत जाते. खाली पूर्णेच्या बाजूला काळी, खोल, ओल धरून ठेवणारी, मध्ये हलकी, आणि वर पठारावर मुरमाड बरड, जिथे कुदळ काही बोटे आत गेली की खडकावर आपटते. पाऊस वर्षाला आठशे-नऊशे मिलिमीटरच्या घरात, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने या वरच्या थरात ओलावा राहत नाही. घळीत, ओढ्याच्या काठी, उत्तरेकडच्या सावलीच्या उतारावर साग, धावडा, सालई, मोह तग धरतात. उघड्या पठारावर पवना, मारवेल, डोंगरी, कुसळी या गवतांचे राज्य असते, आणि त्यांच्यात दूरदूर उभे पळस, हिवर, बोर. कुसळीचा एक दाणा हातात घेऊन पाहिला तरी ही वनस्पती या जागेशी किती जुळलेली आहे ते कळते. दाण्याचे बूड सुईसारखे टोकदार असते आणि मागे लांब, केसाळ शेपटी असते. ही शेपटी कोरड्या हवेत पीळ घेते आणि दव पडले की उलगडते. रात्री उलगडणे आणि दिवसा पिळणे असे होत होत दाणा स्वतःला मुरमाच्या फटीत घुसवतो, आणि उन्हाळ्याचा वणवा वरून जातो तेव्हा तो मातीखाली सुरक्षित असतो. मेंढपाळ कुसळांना वैतागतात, कारण ती लोकरीत शिरून कातडीपर्यंत जातात. पण ज्या गुणाने ती कातडीत घुसतात त्याच गुणाने ती बरडावर टिकतात. इथल्या बहुतेक बहुवर्षायू गवतांचे वाढते टोक जमिनीलगत असते. पाते चरले गेले किंवा जळले तरी पुन्हा फूट येते. जंगल तुटल्यावर गवताने हे सगळे शे-दोनशे वर्षांत शिकून घेतले असे मानणे कठीण आहे.

उष्ण प्रदेशातली ही गवते भारतीय उपखंडात कधी पसरली याचा पुरावा शिवालिक टेकड्यांतल्या प्राचीन मातीत आहे. तिच्यातील कार्बनच्या समस्थानिकांवरून हा काळ सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वीचा ठरतो. तेव्हा कुऱ्हाड तर सोडाच, आपला मानव वंशही नव्हता. अधिक जवळचा पुरावा जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे सापडला. तिथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याची कवचे मिळाली, त्यांतल्या एका तुकड्यावर माणसाने कोरलेली नक्षी आहे. काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. शहामृग दाट जंगलात राहत नाही. त्याला धावायला आणि दुरून शत्रू पाहायला मोकळे रान लागते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला आणखी एक अभ्यास थेट औंढ्याशी जोडता येतो, कारण औंढ्याच्या दक्षिण उतारावरचे पाणी पूर्णेतून गोदावरीला मिळते. गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या स्तंभात या साऱ्या खोऱ्यातून वाहून गेलेल्या पानांचे मेणाचे अवशेष थरांथरांत साचलेले आहेत. ते सांगतात की सुमारे ४,००० ते १,७०० वर्षांपूर्वीच्या काळात खोऱ्यातली कोरड्या हवेला सरावलेली वनस्पती हळूहळू वाढत गेली आणि नंतर तशीच टिकली. या पुराव्याला दुसरी बाजूही आहे आणि ती लपवू नये: याचा अर्थ त्याआधी इथे झाडोरा आजच्याहून अधिक असावा. पण बदल घडवला तो प्रामुख्याने कमी होत गेलेल्या पावसाने. जीवसंहती स्थिर नसते, पावसाबरोबर ती सरकते. औंढ्याचा माळ आज जिथे आहे तिथे त्याला किमान दीड-दोन हजार वर्षांचा रहिवास आहे, आणि गवताळ परिसंस्था म्हणून त्याचे कूळ लाखो वर्षांचे आहे. मराठी वाङ्मयही याला साक्ष देते. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेराव्या शतकापासूनच्या मराठी कथा-आख्यायिकांतील झाडाझुडपांचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्रातल्या पठारावर त्या काळीही काटेरी, विरळ झाडांचा गवताळ प्रदेश होता, असे त्यातून निघाले.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि औंढ्यात तो श्रद्धेच्या रूपाने येतो. नागेश ज्योतिर्लिंगाचे स्थान परंपरेने दारुकावनात सांगितले आहे. मग इथे घनदाट वन होते आणि ते आपण संपवले, हे सिद्धच नाही का? परंपरेचा मान राखूनही याचे उत्तर देता येते. दारुकावन आपल्याकडेच होते असे गुजरातेत द्वारकेजवळ आणि उत्तराखंडात जागेश्वरलाही मानतात. तेव्हा या उल्लेखावरून एखाद्या तालुक्याची वनस्पती ठरवता येणार नाही. शिवाय औंढ्याच्या घळींत आजही वन आहे. प्रश्न घळींचा नाही, पठाराचा आहे. या आक्षेपाचा खरा भाग वेगळा आहे आणि तो मान्य केला पाहिजे: मराठवाड्यात सरपणासाठी, कोळशासाठी, इमारतीसाठी खरेच पुष्कळ झाडी तुटली, आणि आज माळ दिसणाऱ्या काही जागा तुटलेल्या जंगलाच्याच आहेत. मग दोन्ही ओळखायचे कसे? मातीची खोली पाहावी, जुन्या खोडांचे बुंधे आहेत का पाहावे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गवत कोणते आहे ते पाहावे. तोडलेल्या जंगलाच्या किंवा सोडून दिलेल्या शेताच्या जागेवर आधी वर्षायू तण आणि काटेरी झुडपे येतात. पवना, डोंगरी आणि जमिनीखाली गाठी-कंद धरणाऱ्या वनस्पतींचा दाट मेळ जिथे आहे ती जागा जुनी असते. नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी जगभरच्या अभ्यासांची छाननी करून २०२० मध्ये दाखवले की मोडलेल्या जुन्या गवताळ प्रदेशाला आपली वनस्पतींची विविधता पुन्हा मिळवायला किमान शंभर वर्षे आणि बहुधा हजारो वर्षे लागतात. नांगराच्या एका हंगामात जे जाते ते पंचवार्षिक योजनेत परत येत नाही.

माळ पडीक ठरला तो महसूल आणि वनखाते या दोन नजरांमुळे. औंढ्याचा परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, पुढे परभणी जिल्ह्यात आणि १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात. राज्ये बदलली तरी सारा देते ती जमीन आणि देत नाही ती पड, हा हिशेब बदलला नाही. वनखात्याची नजर इमारती लाकडाची होती. १९३६ मध्ये हॅरी चॅम्पियन यांनी केलेले आणि १९६८ मध्ये चॅम्पियन व सेठ यांनी सुधारलेले भारतीय वनांचे वर्गीकरण आजही प्रमाण मानतात. त्यात दख्खनची गवताळ व झुडपी राने मुख्यतः जंगलाची ऱ्हास पावलेली अवस्था म्हणून येतात. दोन्ही नजरा एकत्र आल्या त्या २००० पासून निघालेल्या देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात. झुडपी जमीन, विरळ झुडपी जमीन असे वर्ग त्यात पडीक म्हणून मोजले गेले. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी २०२२ मध्ये उपग्रहचित्रांवरून भारतातील निमकोरड्या, मोकळ्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा तयार केला. देशाच्या भूभागाच्या सुमारे दहा टक्के क्षेत्र अशा परिसंस्थांचे आहे आणि त्यातले पाच टक्क्यांहूनही कमी संरक्षित क्षेत्रात येते, असे त्यांना आढळले. महाराष्ट्र या परिसंस्थांच्या प्रमुख राज्यांपैकी एक आहे. यावर कोणी म्हणेल की नाव काय दिले याने काय बिघडते. बिघडते ते असे, की पडीक म्हटले की ती जमीन कोणत्याही कामाला देता येते आणि त्यासाठी कोणाला उत्तर द्यावे लागत नाही.

पहिला आघात नांगराचा. हिंगोली जिल्ह्यात गेल्या काही दशकांत सोयाबीन हे खरिपाचे मुख्य पीक झाले. हळद आणि कापूस काळ्या जमिनीत होतात. सोयाबीन हलक्या जमिनीवरही घेता येते, त्यामुळे शेताची हद्द बरडावर सरकली. ट्रॅक्टर आला तशी बांधालगतची, उतारावरची, गायरानाच्या कडेची गवताची पट्टी पेरणीखाली गेली. दोन-चार वर्षे पीक येते, मग मुरूम उघडा पडतो. हेच नाटक दूर ब्राझीलमध्ये फार मोठ्या प्रमाणावर चालू आहे. तिथला सेराडो हा सुमारे २० लाख चौरस किलोमीटरचा सॅव्हाना. त्याची मूळ वनस्पती जवळपास निम्मी गेली, मुख्यतः कुरणे आणि सोयाबीनपायी. २००६ मध्ये व्यापारी कंपन्यांनी अमेझॉनचे जंगल तोडून पिकवलेले सोयाबीन न घेण्याचे ठरवले, आणि त्याचे जगभर कौतुक झाले. ते योग्यच होते. पण सेराडोला त्या करारात जागा नव्हती. जंगल वाचल्याचे समाधान साजरे होत असताना गवताळ प्रदेश नांगरला जात राहिला. समशीतोष्ण गवताळ प्रदेशांची कथा याहून पुढे गेलेली आहे: २००५ च्या एका जागतिक आढाव्यानुसार त्यांचा सुमारे ४६ टक्के भाग रूपांतरित झालेला आणि पाच टक्क्यांहून कमी संरक्षित होता. वर्षावन, प्रवाळ, वितळणारी टुंड्रा यांची संकटे खरी आहेत आणि त्यांच्यावर पुष्कळ लिहिले जाते, म्हणून इथे त्यांचा विस्तार करत नाही. नांगरातून जे वाचते त्यावर वेडी बाभूळ, टणटणी आणि गाजरगवत चढते, किंवा मुरूम उपसणारी यंत्रे येतात.

दुसरा आघात चांगल्या हेतूने होतो, म्हणून त्याच्याशी वाद घालणे अवघड असते. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले. एवढी रोपे लावायची तर जागा हवी, आणि मोकळी जागा म्हणजे माळ. केंद्राच्या हरित पत योजनेच्या २०२४ च्या नियमांतही हेक्टरी किमान १,१०० झाडे अशी अट होती, आणि जागा सुचवल्या त्यांत झुडपी आणि पडीक जमिनी होत्या. आक्षेपक विचारतील की हवेतला कार्बन कमी करायला झाडे नकोत का? हवीत. शेताच्या बांधावर, गावठाणात, रस्त्याकडेला, तुटलेल्या जंगलाच्या जागी हवीतच. पण माळावर लावण्याचा हिशेब तपासावा लागेल. २०१९ मध्ये ‘सायन्स’ मासिकातल्या एका लेखाने जगात ९० कोटी हेक्टरवर झाडे वाढवण्यास वाव असल्याचे सांगितले, तेव्हा अनेक देशांतील शास्त्रज्ञांनी त्याच मासिकात उत्तर दिले: त्यात सॅव्हाना आणि गवताळ प्रदेश झाडांच्या जागा म्हणून मोजले होते आणि कार्बनचा अंदाज सुमारे पाचपट फुगला होता. गवताळ प्रदेशाचा कार्बन बहुतांश मुळांत आणि मातीत असतो. वणव्याने किंवा दुष्काळाने लागवड मेली तर झाडातला कार्बन हवेत जातो. मातीतला तसा जात नाही. सेराडोत वणवे थोपवून झाडी वाढू दिली तेव्हा कार्बन वाढला, हे खरे. पण वनस्पतींच्या जाती २७ टक्क्यांनी आणि मुंग्यांच्या ३५ टक्क्यांनी घटल्या. आणि मराठवाड्याने तर पाण्याचा हिशेब आधी मांडला पाहिजे. २००५ मध्ये जगभरच्या लागवडींच्या अभ्यासातून दिसले की गवताळ वा झुडपी जमिनीवर लावलेल्या झाडांमुळे ओढ्यांचा प्रवाह सरासरी ५२ टक्क्यांनी घटला आणि १३ टक्के ओढे किमान वर्षभर पूर्ण आटले. झाडे लावा, पाऊस पाडा, विहिरी भरा या घोषणेवर वाढलेल्या आपल्याला हे पटायला जड जाते. हिंगोली जिल्ह्यातल्या कयाधूसारख्या नदीचे पुनरुज्जीवन व्हावे म्हणून लोक झटत असताना तिच्या माथ्यावरच्या माळावर गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या करणे हे परस्परविरोधी काम आहे. उंच झाडांचा आणखी एक परिणाम टिटवीच्या घरट्यापाशी दिसतो. टिटवी खड्यांच्या उथळ खळग्यात खड्यांच्याच रंगाची अंडी घालते. तिचा सगळा बचाव सभोवतालचा मोकळेपणा हा असतो. जवळ झाड आले की कावळ्याला टेहळणीची जागा मिळते.

या माळाचे प्राणी कोण, असे विचारले तर लांडगा, खोकड, तरस, काळवीट, चिंकारा, धाविक, चंडोल यांची नावे येतात, आणि सर्वांत दुःखद नाव माळढोकाचे. सोलापूरच्या नान्नजसाठी १९७९ मध्ये ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात बहुतेक खासगी शेते होती. लोकांच्या जमिनींवर बंधने आली, असंतोष वाढला, आणि शेवटी क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. तोवर पक्षी जवळजवळ गेला होता. आज देशातल्या मोकळ्या रानांत दीडशेहूनही कमी माळढोक उरले आहेत, बहुतेक राजस्थानात. कागदावरच्या विस्ताराने काही वाचले नाही. उलट २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेल्या, गळ्यात रेडिओ पट्टा असलेल्या एका तरुण वाघाने तेलंगणातून फिरून नांदेड, हिंगोली, वाशीम असे जिल्हे पार करत डिसेंबरपर्यंत बुलडाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य गाठले, सुमारे १,३०० किलोमीटरची चाल करून. वाटेत त्याला मिळाले ते ओढे, शेते, झुडपी राने आणि माळ. दोन जंगलांमधली ही मोकळी जमीन नसती तर त्या दोन्ही जंगलांना बेटांची गत आली असती. वाघासाठी पैसा मिळतो, त्याच्या वाटेसाठी मिळत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप माणसांचा आहे. गवताची एवढी काळजी, आणि भूमिहीनांची? मराठवाड्यात गायरानाचा इतिहास दलित आणि भूमिहीनांच्या लढ्याचा इतिहास आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील १९५९ आणि १९६४ च्या सत्याग्रहांनी पड जमिनीचा प्रश्न देशासमोर आणला. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा मार्ग खुला केला. ज्यांना गावाने कधी जमीन दिली नाही त्यांनी गायरानावर पेरले, यात अन्याय नाही; तो अन्यायाचा अंशतः परतावा होता. गवताच्या नावाने त्या कुटुंबांना उठवण्याची भाषा कोणी करत असेल तर मी त्याच्या विरुद्ध बाजूला आहे. पण आज उरलेला माळ कोणाच्या हाती चालला आहे ते पाहा. मुरमाचे ठेके, सौर प्रकल्पांचे भाडेपट्टे, मोठ्या खातेदारांचे बांध सरकवणे, यांत भूमिहीनांचा वाटा कुठे आहे? दोन शेळ्या असलेल्या बाईला, हटकर-धनगर मेंढपाळाला, लाल कंधारी जनावरे सांभाळणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला चारा लागतो तो याच जमिनीवरचा. लाल कंधारी ही नांदेड-परभणी-हिंगोलीच्या कोरड्या हवेत घडलेली जात आहे. तिचे वैरणीचे गणित माळ धरूनच बसते. माळ गेला की पहिली गरीब होते ती ही माणसे. अतिचराईने माळ खराब होतो हेही खरे, पण त्यावरचा उपाय चराई बंद करणे हा नाही. पाळीपाळीने तुकडे राखणे, पावसाळ्याच्या आरंभी गवताला वाढू देणे, दाणा झडल्यावर कापणी करणे हे मेंढपाळांना आणि जुन्या कुरणांच्या राखणदारांना ठाऊक होते. चरणारे जनावर पूर्ण काढले तर वाळलेले गवत साचते, मोठा वणवा लागतो किंवा झुडपे माजतात.

लायगोबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून लेझरचे किरण फिरतील आणि अणुकेंद्रापेक्षाही सूक्ष्म हालचाल मोजली जाईल. त्यासाठी आसपास जमिनीची शांतता लागते. सुरुंग, खडी फोडणारी यंत्रे, अवजड वाहतूक यांचे कंप या मोजणीला बाधक आहेत. म्हणजे वेधशाळेच्या भोवती खाणी आणि कारखाने नसावेत ही विज्ञानाची गरज, आणि उरलेला माळ खोदला जाऊ नये ही जीवावरणाची गरज, या दोन्ही एकाच जागी जुळतात. प्रकल्पाच्या परिसराचे सुशोभीकरण करताना तिथे परदेशी झाडांच्या रांगा आणि हिरवळ लावण्याऐवजी मूळ गवत राखले, तर देशातला कदाचित सर्वांत काळजीने जपलेला माळ या वेधशाळेच्या कुंपणात राहू शकेल.

एका तालुक्याने जगाच्या जीवावरणाला काय फरक पडणार, हा शेवटचा आक्षेप. डिसेंबर २०२२ च्या कुनमिंग-मॉन्ट्रियल करारानुसार २०३० पर्यंत जमिनीचा ३० टक्के भाग संरक्षणाखाली आणायचा आहे, आणि हा भाग सर्व प्रकारच्या परिसंस्थांचे प्रतिनिधित्व करणारा असावा असे त्यातच लिहिले आहे. फक्त जंगले मोजून ही अट पुरी होत नाही. देशात १८ जीवावरण राखीव क्षेत्रे आहेत, १९८६ चे निलगिरी पहिले; महाराष्ट्रात एकही नाही. तसे मोठे क्षेत्र औंढ्यात व्हावे असे मी म्हणत नाही, नान्नजचा धडा ताजा आहे. लहान मार्ग कायद्यात आधीपासून आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही दिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क मान्य केला. बहुतेक नोंदवह्यांत झाडांची आणि औषधी वनस्पतींची यादी सापडते. गवतांची नावे, कोणत्या महिन्यात कोणाचे कळप कोणत्या वाटेने येतात, टिटवी आणि चंडोल कुठे अंडी घालतात, कोणता तुकडा कधीच नांगरला गेला नाही, हे त्यांत आले पाहिजे, आणि ते सांगणारे गुराखी व मेंढपाळ समितीत बसले पाहिजेत. नोंदवहीबरोबर ग्रामसभेचा ठरावही हवा. पावसाळ्याच्या तोंडावर वरून रोपांचे उद्दिष्ट येते तेव्हा कोणत्या गटात खड्डे घ्यायचे आणि कोणत्या गटात घ्यायचे नाहीत, हे त्या ठरावात गट क्रमांकासह आधीच लिहिलेले असावे.